रवणीची कोंबडी आणि उबवणीची पेटी

आपल्या महिला मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका काढावयाचे ठरले, तेव्हा प्रत्येकीने आपल्याला ठाऊक असलेल्या विषयावर चार ओळी लिहाव्यात असे बैठकीत ठरले. मी मराठी सातवी शिकलेली. इतिहास म्हटला की गडकिल्ले आणि लढाया एवढेच मला आठवते. परंतु लग्न होऊन दहिवलीत आल्यापासून जे काम माझ्या हातून होत आले, ते म्हणजे कोंबड्यांची अंडी उबविण्याचे. त्या कामालाही इतिहास आहे, आणि तो थोडाथोडका नसून काही हजार वर्षांचा आहे, हे मला पुतणीने वाचनालयातील पुस्तके वाचून दाखविली तेव्हा समजले. तिने वाचून दाखविलेले, सासूबाईंनी सांगितलेले आणि स्वतः हाताने केलेले, असे तिन्ही मिळून येथे मांडीत आहे. भगिनींनी गोड मानून घ्यावे.

सुरुवात आपल्या भातापासूनच केली पाहिजे. भात आणि कोंबडी यांचे नाते आपल्याला रोजचेच आहे. खळ्यावर झोडणी सुरू झाली की कोंबड्यांना हाकलता हाकलता हात दुखतात. संशोधक म्हणतात की हे नाते कोंबडी माणसाळली त्या दिवसापासूनचे आहे. थायलंड देशात बान नॉन वाट नावाच्या ठिकाणी पाळीव कोंबड्यांची फार जुनी हाडे सापडली. ती इसवी सनापूर्वी १६५० ते १२५० या काळातली असल्याचे २०२२ साली प्रसिद्ध झाले. माणसाने रानात भात आणि भरड धान्य पेरले, सांडलेल्या दाण्यांच्या आशेने तांबडा रानकोंबडा वस्तीजवळ आला आणि पुढे वस्तीचाच झाला, असा त्यांचा तर्क आहे. आपल्या सह्याद्रीत मात्र राखी रानकोंबडा असतो. पहाटे भीमाशंकरच्या बाजूच्या रानात त्याची बांग ऐकू येते. हा रानकोंबडा माणसाळला नाही. तरीही कोंबड्यांच्या पिवळ्या पायांचा आणि पिवळ्या कातडीचा गुण या राखी कोंबड्याकडूनच आला, असे २००८ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. म्हणजे जगभरच्या पिवळ्या पायांच्या कोंबड्यांत थोडे आपल्याकडच्या रानाचेही रक्त आहे म्हणावयाचे.

आता उबवणीकडे वळू. कोंबडी दहा-बारा अंडी घालते आणि मग खुडूक होते. अंग फुगविते, जागा सोडीत नाही, हात लावला तर टोचते. अशा कोंबडीला आपण रवणीस बसवितो. आमच्या सासूबाई रवण कशी घालीत ते सांगते. टोपलीत खाली चाळलेली राख, त्यावर मऊ पेंढा, आणि त्यात अकरा किंवा तेरा अंडी. अंडे आठवड्याच्या आतले असावे, धुतलेले नसावे, तडा गेलेला नसावा. साठवताना त्याचे टोक खाली ठेवावे. कोंबडी बसवायची ती तिन्हीसांजेला, म्हणजे अंधारात ती बुजत नाही. टोपली पडवीच्या कोपऱ्यात, वाऱ्यापावसापासून आणि मांजरापासून दूर. अंड्यांत एक लोखंडी खिळा ठेवीत, म्हणजे वीज कडाडली तरी अंडी बिघडत नाहीत असा समज होता. खिळ्याने काही होत नाही आणि गडगडाटानेही काही होत नाही. पावसाळ्यात अंडी बिघडतात ती ओल आणि गारठा यांनी. म्हणूनच जाणत्या बायका आषाढात रवण घालीत नसत. भर वैशाखातली अंडीही टाळीत, कारण तेव्हा उकाड्याने अंड्यातला जीव कोंबडीखाली जाण्याआधीच अर्धवट जागा होतो आणि मरतो. सुगी संपल्यावरचा हिवाळा सर्वांत चांगला. तेव्हा खळ्यावरचा दाणाही पिलांना मिळतो.

कोंबडी एकवीस दिवस बसते. दिवसातून एकदाच पंधरा-वीस मिनिटे उठते, खाते, पाणी पिते, विष्ठा टाकते आणि परत येते. तिच्या पोटाखालची पिसे झडून तेथले उघडे, गरम कातडे अंड्यांना भिडते. कडेची अंडी आत आणि आतली कडेला, अशी ती दिवसातून पुष्कळ वेळा चोचीने फिरविते. हे का करावे लागते? अंडे एकाच कुशीवर राहिले तर आतला जीव कवचाच्या पडद्याला चिकटतो. ऊब किती लागते, तर सुमारे १०० अंश फॅरनहाइट, म्हणजे मुलाला किंचित कणकण आली की अंग लागते तेवढी. शेवटचे तीन दिवस हवेत ओलावा जास्त लागतो, नाहीतर पडदा सुकून पिलू आतल्या आत अडकते. हे सर्व कोंबडीला कोणी शिकविले नाही. माणसाने मात्र हे शिकायला दोन हजारांहून अधिक वर्षे घेतली, आणि तीच या लेखाची खरी गोष्ट आहे.

ग्रीस देशात इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटल नावाचा मोठा पंडित होऊन गेला. अंड्यात काय घडते हे दिवसादिवसाने तपासून त्याने लिहून ठेविले. तीन दिवस-रात्री झाल्यावर जीवाची पहिली खूण दिसते आणि हृदय रक्ताच्या ठिपक्यासारखे उडताना दिसते, असे त्याचे म्हणणे. आपण सातव्या दिवशी अंडे कंदिलासमोर धरतो तेव्हा कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसतात, त्याच्या आधीची ही अवस्था. इजिप्त देशात लोक उकिरड्याच्या उबेत अंडी पुरून पिले काढतात, हेही त्याने नमूद केले आहे.

दुसरी गोष्ट एका बाईची आहे. रोमची लिव्हिया, जी पुढे सम्राट ऑगस्टसची राणी झाली, तिला दिवस गेले होते. मुलगा होणार की मुलगी हे पाहण्यासाठी तिने कोंबडीचे अंडे आपल्या उराशी धरून उबविले. खाली ठेवण्याची वेळ आली की ते ती दाईच्या उराशी देई, म्हणजे ऊब तुटू नये. त्यातून कोंबडा निघाला आणि तिला मुलगा झाला. तो इसवी सनापूर्वी ४२ साली जन्मलेला टायबेरियस, पुढे तोही सम्राट झाला. ही हकीकत प्लिनी या रोमन लेखकाने लिहिली आहे. कोंबड्यावरून मुलगा ठरत नाही हे आपण जाणतोच, आणि पोटातले मूल मुलगा की मुलगी हे पाहणे आपल्याकडे १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे हेही जाणतो. मला त्यातले महत्त्वाचे वाटले ते वेगळे. कोंबडीवाचून पिलू काढल्याची नावानिशी सांगितलेली ही फार जुनी हकीकत, आणि ते काम दोन बायकांनी पाळीपाळीने केलेले. प्लिनी पुढे असेही म्हणतो की हल्ली भुशावर अंडी ठेवून मंद आगीने पिले काढण्याची जी युक्ती निघाली आहे, ती कदाचित यावरूनच सुचली असेल.

इजिप्तच्या लोकांनी मात्र या कामाची मोठी कला केली. कच्च्या विटांची भट्टी बांधावयाची, खालच्या खणात हजारो अंडी आणि वरच्या खणात शेण व गवत यांचा मंद विस्तव. थर्मामीटर नव्हताच. भट्टीवाला अंडे उचलून डोळ्याच्या पापणीला लावी आणि ऊब कमी की जास्त ते सांगे. हे ज्ञान बापाकडून मुलाकडे जाई, बाहेरच्याला सांगत नसत. आसपासचे शेतकरी आपली अंडी आणून देत, आणि तीन अंड्यांना दोन पिले या हिशेबाने भट्टीवाला पिले परत करी. वर उरलेली त्याची. आपल्याकडे एकीची कोंबडी दुसरीने सांभाळावी आणि पिले निम्मी-निम्मी वाटून घ्यावीत अशी चाल होती, तशातलाच हा प्रकार. फरक इतकाच की आपल्या चालीत ऊब कोंबडीची असे आणि कोंबडी बाईची असे. तेथे ऊब भट्टीवाल्याची झाली, आणि अंडी देऊन पिलांची वाट पाहणे एवढेच शेतकऱ्याच्या हाती उरले. माझ्या मते साऱ्या उबवणीच्या इतिहासाचे सार यात आले. ज्याच्या हाती ऊब, त्याच्या हाती पिलू.

चीन देशाने तिसरी वाट काढली, आणि ती आपल्याला जवळची आहे, कारण ती भाताची आहे. तेथे भात गरम करून कापडी पिशव्यांत भरीत. मोठ्या टोपल्यांत एक थर गरम भाताचा, एक थर अंड्यांचा असे रचीत. विशेषतः बदकांची अंडी अशी उबवीत. त्यात एक फार हुशारीची गोष्ट होती. अंड्यातले पिलू मोठे होऊ लागले की ते स्वतःच ऊब सोडू लागते. म्हणून जुन्या अंड्यांच्या शेजारी नवी अंडी ठेवीत, म्हणजे मोठी भावंडे धाकट्यांना ऊब देत. विस्तव वाचे तो निराळाच.

युरोपात हे सर्व फार उशिरा पोहोचले. फ्रान्समधील रेओम्यूर या शास्त्रज्ञाने इजिप्तच्या भट्ट्यांची माहिती मिळवून १७४९ साली अंडी उबविण्याच्या कलेवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याने कुजणाऱ्या लिदीच्या उबेवर प्रयोग केले, आणि पापणीच्या जागी थर्मामीटर आणला. पण विस्तव रात्री वाढला किंवा विझला तर काय, हा प्रश्न राहिलाच. तो १८८१ साली लंडनच्या चार्ल्स हिअर्सनच्या यंत्राने सोडविला. त्याने यंत्रात एक चपटी धातूची डबी बसविली होती. तीत असा द्रव होता की ठरलेल्या उष्णतेला तो उकळून डबी फुगे. डबी फुगली की दांडी वर उचलली जाई आणि दिव्याची जास्तीची ऊब बाहेर निघून जाई. ऊब कमी झाली की डबी बसे आणि झाकण लागे. रात्री उठून पाहावयाचे काम संपले. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील पेटालुमा गावी लायमन बाइसने १८७९ च्या सुमारास अशीच यंत्रे करावयास घेतली, आणि ते गाव अंड्यांसाठी प्रसिद्ध झाले.

निसर्गाची आणखी एक गोष्ट धंद्याच्या उपयोगी पडली. पिलू बाहेर येण्यापूर्वी उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेते, त्यामुळे दोन-तीन दिवस त्याला दाणापाणी मिळाले नाही तरी चालते. ही सोय आहे ती आधी फुटलेल्या पिलांनी मागची भावंडे फुटेपर्यंत आईखाली थांबावे म्हणून. व्यापाऱ्यांनी त्या दोन दिवसांत पिले खोक्यात भरून गावोगाव पाठविली. १९१८ पासून अमेरिकेच्या टपालखात्याने एक दिवसाची पिले टपालाने न्यावयास परवानगी दिली.

येथपर्यंत सगळे चांगलेच झाले असे वाटते. पण यंत्र आल्यावर एक प्रश्न कोणाच्या तरी मनात आलाच, की आता कोंबडीने बसावे तरी कशाला? हिशेब सोपा आहे. आपली गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, कारण एकवीस दिवस रवण आणि त्यापुढे दीड-दोन महिने पिले, एवढ्या वेळात ती अंडे घालीत नाही. जी कोंबडी खुडूक होत नाही ती अंडीच घालीत राहते. खुडूक होणे हे प्रोलॅक्टिन नावाच्या, अंगातच तयार होणाऱ्या द्रव्यामुळे घडते आणि तो गुण पिढीजात असतो. म्हणून पैदास करणाऱ्यांनी खुडूक होणाऱ्या कोंबड्या वगळीत वगळीत न बसणाऱ्याच राखल्या. इटलीच्या लिव्होर्नो बंदरावरून नाव पडलेली पांढरी लेगहॉर्न ही त्यातली मुख्य. आजच्या अंड्यांच्या कोंबड्या वर्षाला तीनशेपर्यंत अंडी देतात, पण त्यांना आई होणे ठाऊक नाही. पूर्वी अंडे आणि पिलू ही एकाच कोंबडीची दोन कामे होती, ती आता दोन ठिकाणी गेली.

आपल्या देशात हे लोण पोहोचण्याआधी मोठे संकट होते ते मानमोडीचे. १९२० नंतरच्या दशकात हा रोग कुमाऊँच्या डोंगरातल्या राणीखेत येथे आढळला, म्हणून त्याला राणीखेत हे नाव पडले. खुराडेच्या खुराडे एका रात्रीत रिकामे होत असे. १९४० नंतरच्या दशकात मुक्तेश्वरच्या सरकारी संस्थेने त्यावर लस तयार केली. स्वातंत्र्यानंतर, २ ऑक्टोबर १९५२ पासून समूह विकास योजना सुरू झाली, गावोगाव ग्रामसेविका फिरू लागल्या. साठच्या दशकात युनिसेफच्या मदतीने उपयोजित पोषण आहाराचा कार्यक्रम निघाला. गरोदर बायका आणि लहान मुले यांच्या पोटात अंडी जावीत म्हणून गावात कोंबड्या पाळावयास लावणे हा त्याचा एक भाग होता, आणि तो महिला मंडळांच्या मार्फत चाले. आपल्यासारख्या मंडळांचे आणि कोंबडीचे नाते असे जुने आहे! आपल्या राज्यात सरकारने पुण्याजवळ खडकी येथे, तसेच कोल्हापूर, नागपूर आणि त्यावेळचे औरंगाबाद येथे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे चालविली. पुढे १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, पुण्यात तिचा मोठा विस्तार झाला, आणि अंडे ही शहरातल्या गरिबालाही परवडणारी वस्तू झाली. हे उपकार कोणी नाकारू नयेत. परसातल्या कोंबडीसाठी बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने गिरिराज आणि हैदराबादच्या कुक्कुट संस्थेने वनराज या जाती काढल्या. त्या वजनदार, रंगीत, चांगली अंडी देणाऱ्या. पण त्याही बहुधा खुडूक बसत नाहीत. पिले पुन्हा विकतच आणावी लागतात.

आता आपल्या दहिवलीचे सांगते. आमचे मामंजी मुंबईला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि महिनाभराने ते पिशवी घेऊन घरी आले. आपला जिल्हा तेव्हा कुलाब्याचा रायगड होऊन वर्षच झाले होते. घरात चार मुले, भाताचे उत्पन्न वर्षाचे पुरणार नाही एवढेच. सासूबाईंनी त्या माघात तीन कोंबड्या रवणीस बसविल्या. फाल्गुनात शिमग्यासाठी कोंबड्या गोळा करणारा व्यापारी दारी आला. त्यातली एक चांगली भरलेली कोंबडी त्याने टोपलीत पाहिली. "मावशी, दुप्पट पैसे देतो, ही द्या," असे तो म्हणाला. घरात तेलाचा थेंब नव्हता असे सासूबाई सांगतात. तरी त्या म्हणाल्या, "बाबा, ती बसलेली हाय. बसलेलीला उठवायची नसते."

पस्तीस अंड्यांची सत्तावीस पिले झाली. घारीने, मुंगसाने आणि रोगाने नेली ती जाऊन एकोणीस वाढली. आषाढातल्या अमावास्येला, गटारीच्या आधी, त्यातले नऊ कोंबडे कर्जतच्या बाजारात गेले. त्या पैशांतून श्रावणाचा किराणा भरला आणि मुलांच्या वह्या-पुस्तकांची उधारी फिटली. उरलेल्या तलंगांनी दिवाळीपासून अंडी दिली. संप कधी मिटलाच नाही, मामंजींची नोकरी गेली ती गेली. परंतु आमच्या घरची मुले शाळेतून काढावी लागली नाहीत. सासूबाईंच्या हाती त्या वर्षी एक पैसाही भांडवल नव्हते. अंडी घरची, पेंढा घरचा, कणी घरची आणि ऊब कोंबडीची. विकत घ्यावयाचे म्हटले असते तर एक पिलूही आले नसते. बसलेलीला उठवायची नाही, हा नियम धर्माचा म्हणून त्या सांगत, पण मला तो शहाणपणाचाही वाटतो. शिमग्याला ती कोंबडी विकली असती तर तेल आले असते आणि गटारीचे कोंबडे गेले असते.

आज स्थिती निराळी आहे. कर्जत-खालापुराकडे कंपनीच्या करारावर चालणाऱ्या ब्रॉयलरच्या शेडी झाल्या आहेत. पिले कंपनीची, खाद्य कंपनीचे, शेतकऱ्याला संगोपनाचे पैसे मिळतात. दहिवलीत इमारती उभ्या राहिल्या, वाड्या-परसे गेली, आणि सोसायटीत कोंबडी पाळू देत नाहीत. परस आहे तेथेही मोटारसायकलवरून येणाऱ्या विक्रेत्याकडून रंगीत पिले घेतली जातात. ती वाढतात, कापली जातात, आणि पुन्हा विक्रेत्याची वाट पाहावयाची. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा इकडेही भीतीने कोंबड्यांना गिऱ्हाईक उरले नाही. पुष्कळ घरांनी त्या वेळी कोंबड्या काढून टाकल्या आणि पुन्हा ठेविल्याच नाहीत. आमच्या आळीत आता खुडूक बसणारी कोंबडी दोनच घरांत उरली आहे. गावठी अंड्याला बारा-पंधरा रुपये द्यायला लोक तयार आहेत, पण ते घालणारी कोंबडीच नाही.

म्हणून यंत्र वाईट असे मी म्हणणार नाही. माझ्या मुलाने घरीच थर्माकोलची पेटी केली आहे. आत बल्ब, लहान पंखा, पाण्याची वाटी आणि ऊब वाढली की बल्ब आपोआप बंद करणारे छोटे यंत्र. हिअर्सनच्या डबीचेच काम ते करते. आपल्या गल्लीतल्या दुकानात मिळणाऱ्या वस्तूंत ती पेटी झाली. गेल्या वर्षी तीत तीस अंडी ठेविली. सातव्या रात्री मोबाईलच्या उजेडात पाहून चार कोरी अंडी काढून टाकली. तेराव्या रात्री वीज गेली ती सात तास आली नाही. आम्ही पेटीवर गोधड्या घातल्या, गरम पाण्याच्या बाटल्या आत ठेविल्या आणि त्या रात्रभर बदलल्या. सव्वीसांतून एकोणीस पिले निघाली. त्याच वेळी पडवीत एक कोंबडी अकरा अंड्यांवर बसली होती. तिची दहा निघाली. वीज गेल्याचे तिला कळलेही नाही!

पण पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. पेटीतल्या पिलांपैकी सात पिले आम्ही रात्री अंधारात तिच्या पंखाखाली सरकविली. सकाळी तिने सतराही आपली मानली. तिने त्यांना दाणा टिपावयास, घार दिसली की पंखाखाली शिरावयास शिकविले. पेटीतली जी बारा बल्बखाली राहिली, त्यांना हे शिकविणारे कोणी नव्हते. पेटी ऊब देते, आई होत नाही.

बांगलादेशात गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत गावातल्या बायकांनी असेच मधले काम केले. चटईची नळकांडी करून ती भाताच्या तुसात बसवावयाची, अंडी कापडात बांधून आत ठेवावयाची आणि कंदिलाची किंवा उन्हाची ऊब द्यावयाची. चिनी लोकांची जुनी युक्ती त्यांनी आपल्या अंगणात आणली. शेवटच्या दिवसांत अंडी अंथरुणावर मांडून वर गोधडी घातली की ती आपल्याच उबेने फुटतात. वीज लागत नाही. तूस तर आपल्या भातगिरणीत ढिगाने पडलेला असतो.

मंडळाच्या भगिनींना माझी विनंती इतकीच आहे. ज्यांच्याकडे खुडूक बसणारी गावठी कोंबडी आहे त्यांनी ती बाजारात काढू नये. तिची उबवणीची अंडी शेजारणीला द्यावीत, निम्म्या वाट्याची जुनी चाल पुन्हा सुरू करावी. मंडळाने एक पेटी करून ठेवावी आणि ज्या घरी कोंबडी आहे पण रवण घालावयास जागा नाही तिने आपली अंडी पेन्सिलीने नाव लिहून आणून द्यावीत. अंडी दिवसातून तीन वेळा फिरवावीत, अठराव्या दिवसापासून फिरविणे थांबवावे आणि पाण्याची वाटी मोठी ठेवावी. पिलाने टोच मारली की घाईने कवच सोलू नये, त्याला वेळ द्यावा. पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून द्यावा. कोंबड्या एकाएकी मरू लागल्या तर लपवू नये, दवाखान्यात कळवावे.

अंडे दुकानात मिळते, पिलू मोटारसायकलवर येते, तरी रवणीची कोंबडी कोठेही विकत मिळत नाही. ती एका रवणीतून दुसरी, अशी पिढीजातच मिळते, आणि आळीतली शेवटची कापली गेली की कोणतेही यंत्र ती परत करून देणार नाही. दोन घरांत ती अजून आहे. येत्या मार्गशीर्षात ती चार घरांत व्हावी, एवढी इच्छा धरून लेख पुरा करते.